थांबा म्हणणाऱ्याचं काय जातं?

पांढुर्ण्यात किंवा सौंसरात घर विकायला काढलं की पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी पहिला सल्ला येतो. "कायले घाई करता जी? जिल्हा झाला न आता. दोन वर्सं थांबा, दुप्पट भाव घ्या." सल्ला देणारा बहुतेक वेळा आपलाच माणूस असतो. साडू असतो, निवृत्त गुरुजी असतात, नाहीतर नागपूरला फ्लॅट घेतलेला पुतण्या असतो. त्याच्या मनात काही काळंबेरं नसतं. हिशेब मात्र कच्चा असतो, आणि त्या कच्च्या हिशेबाचे पैसे घरमालकाच्या खिशातून जातात. सल्लागार चहा पिऊन निघून जातो. तेव्हा या सल्ल्याचा एकदा नीट समाचार घेतलेला बरा.

आधी जिल्ह्याचं बघू, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. ऑगस्ट 2023 मध्ये जामसावळीच्या हनुमान मंदिरात मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी घोषणा केली आणि 5 ऑक्टोबर 2023 ला छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे काढून नवा जिल्हा झाला. आनंदाचीच गोष्ट. छिंदवाड्याचे हेलपाटे वाचले. पण जिल्हा झाला म्हणजे जुन्या वस्तीतलं, बोळातलं, दोन भिंती शेजाऱ्याशी सामाईक असलेलं घर कोण घेणार, हे त्या घोषणेत कुठे आलं? कलेक्टर कचेरी आली की अधिकारी येतात, बाबू येतात. ते बदलीची माणसं असतात. भाड्याने राहतात, मुलांच्या शाळेचं एक सत्र संपलं की पुढच्या गावी जातात. त्यांच्यामुळे भाडं वाढेल, खानावळ चालेल, रस्त्यालगतच्या प्लॉटवाल्याचं भलं होईल. ज्याचं घर मोठ्या रस्त्यावर आहे, खाली दोन दुकानं निघू शकतात, त्याने थांबावं. त्याच्या थांबण्याला अर्थ आहे. बाकीच्यांनी त्याचा भाव आपल्या बोळात आणू नये.

आणि ही बातमी काही आपल्या एकट्याच्या कानात सांगितलेली नव्हती. जिल्हा होणार हे ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी ते घेणाऱ्यालाही कळलं. जो काही भाव वाढायचा तो त्या बातमीसरशी सगळ्यांनी आकड्यात मिळवून टाकला. तीच बातमी दर पोळ्याला नव्याने मिळवायची, जामसावळीचं हनुमान लोक बांधून होईल म्हणून वेगळी मिळवायची, छिंदवाडा-नागपूर छोटी लाइन मोठी झाली म्हणून आणखी मिळवायची, असं केलं की आकडा फुगतो. गिऱ्हाईक फुगत नाही.

गिऱ्हाईक का फुगत नाही, याचं निम्मं उत्तर नागपुरात आहे. 1956 पर्यंत आपण ज्या राज्यात होतो त्याची राजधानी नागपूर होती. राज्याची रेघ बदलली, माणसांची वाट बदलली नाही. दवाखाना नागपूर, कॉलेज नागपूर, लग्नाचा बस्ता नागपूर. ज्याच्या हातात बरा पैसा येतो तो घरही तिकडेच घेतो. पांढुर्ण्याहून रेल्वेने, सौंसरहून सावनेरच्या रस्त्याने, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. या जवळपणाचा आपल्याला अभिमान आहे, पण तोच जवळपणा मोठ्या रकमेचं गिऱ्हाईक आपल्या गावातून उचलून नेतो. गावात उरतो तो शिक्षक, बोरगावच्या कारखान्यातला कायम झालेला कामगार, किराणा दुकानदार, संत्र्याच्या दोन चांगल्या बहारांनंतर मुलाच्या शाळेसाठी खेड्यातून शहरात येऊ पाहणारा शेतकरी. 2011 च्या जनगणनेत पांढुर्णा शहर 45 हजारांच्या आसपास होतं. त्यातून घर घ्यायच्या तयारीत असलेले, तेही आपल्या मोहल्ल्यात, तेही याच वर्षी, असे किती निघतील ते ज्याचं त्याने मोजावं.

आता त्या शिक्षकाच्या जागी बसून हिशेब करा. आपल्याकडे घर विकणारा कागद घेऊन बसतो तेव्हा फक्त आपल्या बाजूचं लिहितो: बापाने किती घातले, मी किती घातले, वरची खोली कधी काढली, फरशी कोणती बसवली. समोरच्याचा कागद कोणी पाहतच नाही.

समजा तुम्ही 30 लाख सांगितले. मध्य प्रदेशात नगरपालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी, वेगवेगळे उपकर आणि नोंदणी शुल्क धरून रजिस्ट्रीचा खर्च साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. बाईच्या नावावर केली तर नोंदणी शुल्कात दोन टक्क्यांची सूट मिळते. ती सूट धरली नाही तर रजिस्ट्रीचेच पावणेचार लाख. बँक कर्ज देते, पण पूर्ण नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के. आणि त्या किमतीत रजिस्ट्रीचा खर्च धरत नाहीत; ती सवलत फक्त 10 लाखांपर्यंतच्या घराला आहे. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी मास्तरला 3 लाख मार्जिनचे आणि 3 लाख 75 हजार रजिस्ट्रीचे, असे पावणेसात लाख रोख उभे करायचे आहेत.

सुरळीत होत नाही. बँकेचा व्हॅल्युअर येतो. तो तुमच्या ओसरीवर बसून तुमच्या आजोबांची गोष्ट ऐकत नाही. टेप लावतो, भिंतीला बोट लावून ओल बघतो, बांधकामाचं वय विचारतो, फोटो काढतो आणि कागदावर 24 लाख लिहून मोकळा होतो. आता कर्ज 24 लाखांच्या 90 टक्के, म्हणजे 21 लाख 60 हजार. तुमचा आकडा मात्र 30 वरच उभा आहे. मास्तरला स्वतःचे 8 लाख 40 हजार, वर रजिस्ट्रीचे 3 लाख 75 हजार, एकूण 12 लाख 15 हजार रोख हवेत. पावणेसातचे जवळपास सव्वाबारा झाले. तुम्ही म्हणता "गिऱ्हाईक भाव पाडून मागते." ते भाव पाडत नाही. त्याच्याकडे ते वरचे 5 लाख 40 हजार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे. हप्त्याचं तर अजून बोललोच नाही: साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी, दर लाखाला महिना सुमारे 868 रुपये. 21 लाख 60 हजारांचे पावणेएकोणीस हजार होतात. आपल्या गावात दरमहा एवढा हप्ता भरू शकणारी घरं बोटावर मोजता येतात, आणि त्यातली बरीच दुकानदारांची आहेत, ज्यांची तीन वर्षांची रिटर्न्स बँकेला दाखवण्याजोगी नसतात.

यावर पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "मग रोखीत घेणारा पाहू." पाहा. पण स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्याने मना आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच होऊ शकतो. शिवाय रोखीत घेणाऱ्याला माहीत असतं की बँकेच्या वाटेने येणारं गिऱ्हाईक तुम्हाला मिळत नाही. त्या माहितीची किंमत तो तुमच्याकडूनच वसूल करतो.

"समोरच्याचं चाळीसला गेलं" हा दुसरा हुकमी एक्का. कोणी पाहिलं? रजिस्ट्री पाहिली का? विकणारा चारचौघांत जास्त सांगतो, कारण त्यात त्याची शान असते. घेणाराही कधीकधी जास्तच सांगतो, कारण त्याला पुढे विकायचं असतं. दलालाला दोन्हीकडून फायदा असतो. या तिघांच्या बोलण्यातून जो आकडा पानठेल्यावर येतो त्याला भाव म्हणायचं असेल तर म्हणा. खरा आकडा उप-पंजीयक कार्यालयात असतो. आपल्या वॉर्डातल्या गेल्या वर्षभरातल्या तीन-चार रजिस्ट्र्यांच्या नकला काढायला फी लागते, ती सल्ल्यापेक्षा स्वस्त पडते. त्या नकलांतही काही रक्कम लपलेली असेल, मान्य. पण लपलेली रक्कम धरूनही तुमचा आकडा त्यांच्या दीडपट असेल, तर चूक बाजाराची नाही.

आता एक मुद्दा विरोधकांचा खरोखर वजनाचा आहे, तो टाळता येणार नाही. ते म्हणतात, "सरकारी गाइडलाइनच एवढी आहे, त्याच्या खाली कसे जाऊ?" बरोबर आहे, अडचण होते. आपल्याकडे कलेक्टर गाइडलाइनमध्ये जागेचा दर वेगळा लावतात आणि वर बांधकामाचा वेगळा, आरसीसी, आरबीसी, टिन शेड, कच्चा कवेलू अशा रकान्यांतून. व्यवहार कमीत झाला तरी ड्युटी गाइडलाइनवर लागते. फरक दहा टक्क्यांच्या पुढे गेला तर विकणाऱ्याचा भांडवली नफा गाइडलाइनच्या आकड्यावर मोजला जातो आणि घेणाऱ्याला तोच फरक उत्पन्न म्हणून दाखवावा लागू शकतो. मंद बाजारात हा जाच दोघांनाही होतो. पण याचा निष्कर्ष काय निघतो? गाइडलाइन जास्त असली की घेणाऱ्याचा रजिस्ट्रीचा खर्च वाढतो, म्हणजे घरासाठी त्याच्या हातात उरणारा पैसा कमी होतो. गाइडलाइन ही ड्युटी मोजायची पट्टी आहे. तेवढ्याला घेणारा माणूस सरकार पाठवत नाही. पट्टी चुकली असेल तर त्यावर कायद्यात वाट आहे: मोजणी जास्त झाली असं वाटलं तर प्राप्तिकर खात्याकडे मूल्यांकन अधिकाऱ्याची मागणी करता येते, आणि गाइडलाइनचा मसुदा तयार होतो तेव्हा मूल्यांकन समितीकडे हरकत घेता येते. ती हरकत घेणारे किती असतात? गाइडलाइन वाढली की आपल्या जागेला भाव आला म्हणून पेढे वाटणारे मात्र दिसतात.

भाव धरून बसण्याची सवय आपल्याला नवीन नाही, आणि तिचा निकालही आपण पाहिलेला आहे. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात त्याच आकड्याच्या आशेने किती घरांत कापूस माडीवर, ओसरीत, झोपायच्या खोलीत भरून ठेवला होता ते आठवा. उन्हाळ्यात अंगाला खाज सुटली, वजन घटलं, आणि भाव उतरत उतरत गेला. ज्यांनी दिवाळीनंतर टप्प्याटप्प्याने विकला ते वाचले. घराचं गणित याहून कठीण आहे. कापूस निदान पन्नास क्विंटलांतून दहा विकून बाजार चाचपता येतो. घरातली एक खोली विकून पाहता येत नाही.

शिकलेले लोक इथे पुस्तकातला दाखला काढतात, म्हणून तोही बघू. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या दोघांनी 1990 च्या दशकातल्या बोस्टनच्या पडत्या घरबाजाराचा अभ्यास केला, तो 2001 साली छापून आला. ज्यांना घेतलेल्या किमतीपेक्षा कमीत विकावं लागणार होतं त्यांनी सांगायचा भाव चढा ठेवला, आणि विकलं गेलं तेव्हा त्यांना थोडे जास्त मिळालेही. इथपर्यंत वाचून आपले सल्लागार टाळी वाजवतात. पुढचं वाचत नाहीत. जेवढा भाव त्यांनी चढवून सांगितला त्यातला थोडाच हाती आला, आणि ही घरं विकली जाण्याचा वेग इतरांपेक्षा कमी होता. दुसरा दाखला शिकागोचा, स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन यांचा. दलाल स्वतःचं घर विकताना गिऱ्हाइकाच्या घरापेक्षा थोडं जास्त थांबतात आणि 3.7 टक्के जास्त मिळवतात. म्हणजे दलाल आपल्याला घाई करायला लावतो हा संशय अगदी खरा ठरतो! पण ते किती थांबतात? सरासरी साडेनऊ दिवस. थांबण्याची खरी मजुरी दिवसांत मोजलेली आहे. आपल्याकडे ती पोळ्याच्या पोळ्याला मोजतात.

वर्षांचा हिशेब करूनच बघा. 25 लाखांना घेणारा आज दारात आहे आणि तुम्हाला 28 हवेत. 25 लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवीत ठेवले तर वर्षाला 1 लाख 62 हजार 500. दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच ते तीन लाख गेले. घर या काळात रिकामं असतं. रिकाम्या घराला कर लागतो, पावसाळ्यात कवेलू फिरवावे लागतात, नाहीतर पाणी थेट वाशावर. सांदवाडीतलं गवत कमरेएवढं होतं, चौकटीला वाळवी लागते. सागवानी चौकट ही तर विकणाऱ्याची खास ठेव: "असं लाकूड आता पाहाले मिळत नाही." खरं आहे, मिळत नाही. पण घेणारा जुनं घर पाडून बांधणार असेल तर त्याच्या लेखी ती चौकट म्हणजे लाकूडवाल्याला विकायचा माल, आणि पाडायची मजुरी तुमच्या किमतीतून वजा. जुन्या घराची कमाल किंमत ठरवायला तो एकच बघतो: गावाबाहेरच्या ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन नवं बांधलं तर किती पडेल. त्याच्या वर तो एक रुपया देणार नाही, तुमच्या आजोबांनी सातपुड्यातून लाकूड कसं आणलं होतं ते कितीही रंगवून सांगा.

"सांगताना जास्त सांगावं, मग खाली येता येतं" यालाही उत्तर हवं. घासाघीस आपल्या रक्तात आहे, तिला जागा ठेवा. पाच टक्के ठेवा. चाळीस टक्के ठेवली तर माणूस घासाघीस करायला येतच नाही. तो बाहेरूनच आकडा ऐकून निघून जातो आणि पुढच्या बोळातलं घर बघतो. मग सहा महिन्यांनी तुम्ही खाली येता तेव्हा गावाला वेगळाच प्रश्न पडलेला असतो. एवढ्या दिवसांत कोणी घेतलं कसं नाही? भाऊबंदकीची केस आहे का? नजूलचा (सरकारी जागेचा) पट्टा संपला आहे का? वास्तू लागते का? एवढ्याशा गावात हे प्रश्न गुजरीत सुरू होतात आणि उत्तरंही तिथेच तयार होतात. खरोखरच पट्ट्याचं नूतनीकरण राहिलं असेल, वडिलांच्या नावावरून नामांतरण झालं नसेल, बिगरशेतीचं डायवर्सन नसेल, तर भाव वाढवण्यापेक्षा ती कामं आधी उरका. कागद चोख झाला की बँक दारात येते आणि गिऱ्हाइकांची संख्या वाढते. जिल्हा झाल्याचा खरा उपयोग खरं तर इथे आहे: हे कागद करायला आता छिंदवाड्यापर्यंत जावं लागत नाही.

मला वाटतं, फुगलेल्या भावाचं मूळ हिशेबात नसून कुटुंबात आहे, आणि याबद्दल आपण मोकळं बोलत नाही. वडील गेले, तिघे भाऊ, दोन बहिणी. बहिणींचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने पक्का झाला आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केलं. सह्या पाचही लागणार. पोळ्याला, गोटमारीच्या मेळ्याला सगळे एकत्र येतात तेव्हा घराचा विषय निघतो. कोणी तरी 20 म्हणतं, कोणी 25. जो सगळ्यात कमी म्हणेल त्याच्यावर ठपका येतो: याला बापाच्या घराची किंमत नाही, याची घेणाऱ्याशी मिलीभगत आहे. म्हणून सगळे मिळून सगळ्यात मोठ्या आकड्यावर एकमत करतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या गाडीने नागपूरला, पुण्याला जातात. मागे राहतो तो गावातला भाऊ. गिऱ्हाइकाला घर दाखवणं, कर भरणं, गळकी पन्हळ दुरुस्त करणं, शेजाऱ्याशी भिंतीवरून भांडणं, सगळं त्याच्या गळ्यात. "थांबू ना, काय घाई आहे" हे वाक्य नेहमी ज्याला थांबायचा खर्च येत नाही त्याच्या तोंडून येतं.

अशा वेळी तो आकडा भाव राहत नाही, न विकण्याचा सभ्य मार्ग होतो. न विकण्यात काही गैर नाही. बापाचं घर ठेवावंसं वाटलं तर ठेवावं. भाड्याने द्यावं, वर्षातून चारदा येऊन राहावं, पाचांनी मिळून कराचे पैसे भरावे. पण तसं ठरवून बोलावं. पाटीवर "विकणे आहे" आणि मनात "ठेवणे आहे" असा प्रकार असेल तर त्यात गावातल्या भावाची आणि घर शोधणाऱ्या मास्तरची, दोघांची फसवणूक होते. विकायचंच असेल तर भावंडांनी मिळून दोन गोष्टी लेखी ठरवाव्यात: किती खालपर्यंत जायचं, आणि किती महिन्यांत गिऱ्हाईक आलं नाही तर किती उतरायचं. मग गावातल्या भावाला दर वेळी पुण्याला फोन लावून हिंमत गोळा करावी लागणार नाही.

मी कवडीमोलाने विका असं म्हणत नाही. घाईत गळ टाकून बसलेले लोकही गावात आहेत, त्यांना घर देऊ नका. शेजाऱ्याला आधी विचारा; सामाईक भिंत पाडून दोन घरांचं एक करण्यात त्याचा फायदा आहे, तो दोन पैसे जास्त देऊ शकतो. व्हॅल्युअरला तुम्हीच फी देऊन आधी बोलवा, म्हणजे बँकेचा आकडा घेणाऱ्याच्या आधी तुम्हाला कळेल. आणि कॅलेंडर बघा. गाइडलाइनचे नवे दर साधारण 1 एप्रिलपासून लागतात. फेब्रुवारीत बयाणा द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक पन्नास हजारांवरून परत पाठवलं आणि एप्रिलमध्ये दर वाढले, तर 25 लाखांच्या घरावर दहा टक्क्यांच्या वाढीने त्याचा रजिस्ट्रीचा खर्चच तीस हजारांच्या वर चढतो, आणि ते पैसे तो तुमच्याच भावातून कापून मागेल. ज्यांच्या दारात आज गिऱ्हाईक आहे त्यांनी 31 मार्चच्या आत रजिस्ट्री उरकून घ्यावी.